कासवाचा खर्च, कोयत्याचा खर्च

बीड जिल्ह्यातल्या माणसानं समुद्री कासवांवर लिहायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्याकडून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या आसपास. कासव म्हणजे महादेवाच्या देवळात गाभाऱ्याबाहेर फरशीत बसवलेलं दगडी कासव, त्याला हात लावून कपाळाला लावायचा आणि मग आत जायचं, एवढीच आमची ओळख. नाही म्हणायला एक धागा आहे. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते तिथे काकीनाड्याजवळच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. म्हणजे आमचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतं. (पोचण्याइतकं असलं तर. असो.)

पण आज कासवापेक्षा कासवाच्या खर्चाबद्दल लिहायचंय. एखादं कासव दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतं हे माणसानं कसं मोजायला घेतलं, त्याचा इतिहास मी काही महिने जमेल तसा वाचतोय, आणि दर वेळी वाचता वाचता ऊसतोडीच्या फडात जाऊन पोचतोय. का, ते सांगतो.

प्रश्न तसा घरखर्चासारखा आहे. आवक किती, जावक किती. आवक ताटात दिसते. जावक दिसत नाही. शाळेत शिकवलेल्या सूत्रानं काढायला गेलं तर फजितीच होते. करून बघा. काम म्हणजे बल गुणिले अंतर. एक टन ऊस तीन मीटर उंच ट्रकवर चढवायचा. हजार किलो गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे २९,४०० ज्यूल. किलोकॅलरीत सात. सात! म्हणजे दोन ग्रॅम ज्वारीत हे काम व्हायला पाहिजे. (हे गणित कुठल्या मुकादमाच्या कानावर जाऊ देऊ नका.) गणितात चूक नाही, पण ते उसाचं गणित आहे, माणसाचं नाही. माणूस फळीवरून चढताना मोळीबरोबर स्वतःचं वजनही वर नेतो, खाली येतो, पुन्हा चढतो. स्नायूत जळालेल्या इंधनापैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामात उतरतो, बाकीची नुसती उष्णता होते. आणि तो स्वस्थ झोपला तरी हृदय, मेंदू, यकृत यांचं बिल चालूच असतं.

म्हणून काम मोजून भागत नाही, शरीरच मोजावं लागतं. हे प्रथम नीट केलं ते लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी, १७८०च्या दशकात, पॅरिसमध्ये. त्यांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि किती बर्फ वितळलं ते मोजलं. श्वास घेणं म्हणजे एक संथ ज्वलन आहे, कोळसा जळतो तसंच, ही गोष्ट त्यातून पुढे आली. (पुढे १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचं डोकंच उडवलं. तो करवसुलीच्या धंद्यात होता, ते नडलं.) त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हिशेब पक्का झाला. शरीरात एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च झाल्या असं समजायचं. मग उष्णता मोजायची गरज उरली नाही. श्वास पकडला की खर्च सापडतो.

आता कासवाचा श्वास पकडायचा कसा? समुद्री कासव जवळजवळ सगळं आयुष्य पाण्यात काढतं. नर तर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात गेला की सहसा परत जमिनीवर येतच नाही. मादी येते, तेवढी अंडी घालण्यापुरती. शास्त्रज्ञांनी हीच संधी साधली. १९७०च्या दशकात डोनाल्ड जॅक्सन आणि हेन्री प्रँज यांनी कोस्टा रिकातल्या टॉर्तुगेरोच्या किनाऱ्यावर सव्वाशे किलोच्या आसपासच्या हिरव्या कासविणींचा श्वास मोजला. निवांत असतानाच्या मानानं जोर लावताना ऑक्सिजनचा वापर जवळपास दहापट होतो असं त्यांना दिसलं. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे फार मोठं प्रमाण आहे. एरवी त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं सरपटणाऱ्या प्राण्याचा बसल्या जागेचा खर्च दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो. मुळात काटकसरी जीव, पण वेळ आली की असा खर्च करतो.

याच प्रँजनं १९७६ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला सगळ्यांत आवडला. त्यानं किलोभराच्या आतली लहान हिरवी कासवं वाहत्या पाण्याच्या चरात पोहायला लावली आणि कुठल्या वेगाला किती ऑक्सिजन लागतो ते बघितलं. मग तोच हिशेब मोठ्या कासवांना लावला. ब्राझीलच्या किनाऱ्यावर चरणारी काही हिरवी कासवं अंडी घालायला अटलांटिकच्या मधोमध असलेल्या असेन्शन बेटावर जातात. जाऊन-येऊन सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि वाटेत खायला जवळपास काही नाही. प्रँजचं उत्तर असं, की नुसत्या पोहण्याच्या खर्चासाठी त्या कासवाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे २१ टक्के चरबी घेऊन निघावं लागेल. शंभर किलोच्या कासवानं एकवीस किलो शिदोरी अंगावर बांधून निघायचं. त्यात वाळू खणणं, शेकड्यानं अंडी तयार करणं धरलेलंच नाही.

हा आकडा वाचला आणि मला आमच्याकडचा दसरा-दिवाळीनंतरचा देखावा आठवला. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, कुठल्याही तालुक्यात जा. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरून लोक निघालेले असतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाही तर थेट कर्नाटकात. भांडीकुंडी, पीठ, कोंबड्या, लेकरं, सगळं घेऊन. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, आणि दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव आहे हे मला बरीच वर्षं खटकलंही नव्हतं. फरक एवढाच, की कासव अंगावर शिदोरी घेऊन निघतं आणि कोयता अंगावर उचल घेऊन.

पण कासवाकडे परत येऊ. किनाऱ्यावर श्वास पकडता येतो, समुद्रात काय करायचं? यावर जी युक्ती निघाली ती माझ्या मते विसाव्या शतकातल्या सगळ्यांत सुंदर युक्त्यांपैकी एक आहे. ती कासवांसाठी निघाली नव्हती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफसन आणि त्याचे सहकारी १९४०च्या दशकात श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं की त्यातला ऑक्सिजन आणि अंगातल्या पाण्यातला ऑक्सिजन यांची सतत देवाणघेवाण चालू असते. यावरून १९५५ पर्यंत त्यांनी पद्धत बसवली.

घरातल्या हौदाचं उदाहरण घेतो. हौदात दोन रंग टाकलेत, लाल आणि निळा. हौदाला दोन तोट्या आहेत. लाल रंग पहिल्याच तोटीतून बाहेर जाऊ शकतो, निळा मात्र दोन्हींतून. आठवड्यानं हौदात कुठला रंग किती उरला ते बघितलं, की दुसऱ्या तोटीतून किती गेलं ते वजाबाकीनं कळतं, तोटीपाशी कुणी बसायची गरज नाही. शरीरात लाल रंग म्हणजे जड हायड्रोजन. तो फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, लघवी, घाम, वाफ. निळा म्हणजे ऑक्सिजन-१८. तो पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांतला फरक म्हणजे श्वासातून गेलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो कळला की किती इंधन जळलं ते कळतं. प्राण्याला असलं पाणी टोचायचं, थोडं रक्त घ्यायचं, सोडून द्यायचं. काही दिवसांनी पकडून पुन्हा रक्त घ्यायचं. मधल्या काळात तो उडो, पोहो, भांडो, झोपो, हिशेब आपोआप लिहिला जातो.

आधी उंदरांवर झालं. १९६४ मध्ये उडणाऱ्या कबुतरांवर. माणसावर मात्र नाही! कारण अगदी व्यवहारी होतं, ऑक्सिजन-१८ भयंकर महाग. उंदराला थेंबभर पुरतं, साठ किलोच्या माणसाला लागणाऱ्या पाण्याची किंमत कोणाच्याच खिशाला परवडणारी नव्हती. मोजणारी यंत्रं बारीक फरक पकडू लागली, तसं थोड्या पाण्यात भागायला लागलं, आणि मग १९८२ मध्ये शोलर आणि व्हान सँटन यांनी शिकागोत माणसांवर हा प्रयोग करून दाखवला. लिफसनच्या पद्धतीनंतर सत्तावीस वर्षांनी. कबुतराचा खर्च माणसाच्या अठरा वर्षं आधी मोजला गेला, हे लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

(समुद्री कासवांवर ही युक्ती कोस्टा रिकातल्या लेदरबॅक कासविणींवर वापरून झाली, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. पण इथे एक मेख निघाली. समुद्री कासवाच्या अंगातून पाण्याची ये-जा फार आणि श्वासाचा खर्च थोडा. म्हणजे पहिली तोटी धो धो आणि दुसरी ठिबकतेय. अशा वेळी वजाबाकीत चूक मोठी येते. २००९ मध्ये हिरव्या कासवांवर झालेल्या पडताळणीत, उपाशी कासवांच्या बाबतीत या पद्धतीवर भिस्त ठेवू नये असाच इशारा निघाला. हल्ली म्हणून पाठीवर हालचाल नोंदवणारी यंत्रं बसवतात, आणि कुठल्या हालचालीला किती ऑक्सिजन लागतो ते आधी टाकीत तपासून घेतात.)

आता पुण्याला येऊ. १९७१ मध्ये गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या गरिबीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी रेघ मारली ती माणशी रोज २,२५० कॅलरींची. १९६०-६१च्या आकड्यांवरून त्यांना दिसलं, की खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक या रेघेखाली आहेत. देशभर गाजला तो अभ्यास. आणि वर्षभरात आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ आला. आमची आई तेव्हा खडी फोडायला जायची. खडी ब्रासनं मोजायचे, पगार त्या मापानं. सुकडी मिळायची, आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो, ज्याची भाकरी तिला आजही आठवली की ती तोंड वाकडं करते. त्या दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. सरासरी माणसानं सात तास मेहनतीनं काम केलं तर किमान मजुरी सुटावी असे त्यातले दर. म्हणजे कायद्यानंसुद्धा एक सरासरी शरीर गृहीत धरलेलंच होतं.

दांडेकरांच्या रेघेला आव्हान दिलं ते पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, निवृत्तीनंतर पुण्यात आले. जगातल्या गरिबांना प्रथिनं कमी पडतात म्हणून विशेष पावडरी वाटा, असा गजर चालला होता तेव्हा, ‘अहो, पोटभर भाकरी मिळाली की प्रथिनं बहुतेक भागतात, खरी तूट कॅलरींची आहे’, हे आकड्यांनी दाखवणाऱ्यांत ते पुढे होते. पण कॅलरींबाबत त्यांनी असं मांडलं, की माणसाची गरज हा एक ठाम आकडा नसतो. तोच माणूस, तेच काम, वजन तेच, तरी त्याची आवक-जावक आठवड्याआठवड्याला बदलते. ब्रिटिश सैन्यात नव्यानं भरती झालेल्या जवानांच्या नोंदींचा त्यांनी आणि शेल्डन मार्जेन यांनी आधार घेतला. शरीर स्वतःच खर्च वर-खाली करून जमवून घेतं. तेव्हा सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असं म्हणू नका, बरेच जण शरीराच्या सोयीच्या पट्ट्यातच आहेत.

दांडेकरांना हे मान्य नव्हतं. १९८१-८२ मध्ये दोघांचा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये रंगला. वरवर बघता समीकरणांचा वाद, पण पणाला काय लागलं होतं बघा. रेघ सरासरीवर मारायची की पट्ट्याच्या खालच्या टोकाला? खालच्या टोकाला मारली की कोट्यवधी माणसं कागदावर एका रात्रीत जेवायला लागतात.

माझी सहानुभूती दांडेकरांकडे आहे, लपवत नाही. पण सुखात्म्यांना ‘गरिबांचे विरोधक’ म्हणून मोडीत काढणारे लोक मला पटत नाहीत. स्वच्छ पाणी नसेल, आतडी सतत बिघडलेली असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही, हे ते कळकळीनं सांगत होते, आणि ते खरंच आहे. या भांडणात खरी अडचण दुसरीच होती. दोन्ही बाजूंकडे प्रामुख्यानं आवकेचे आकडे होते. घराघरात जाऊन कोण काय खातं ते विचारलेलं. जावक, म्हणजे मोकळेपणी आपापलं काम करणाऱ्या माणसाचा खरा खर्च, आठवड्याभराचा, कोणाजवळ नव्हता. कबुतराचा होता! रोममध्ये ऑक्टोबर १९८१ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनं गरज यापुढे खाण्यावरून नव्हे, जमेल तिथे खर्चावरून ठरवा असं म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी शोलरचा प्रयोग आला. पुण्यातलं भांडण आणि ते भांडण सोडवू शकेल अशी तपासणी, दोन्ही एकाच सुमाराला जन्मली आणि एकमेकींना भेटली नाहीत.

आता आपण आपला हिशेब करू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१०च्या तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला रोज ३,४९० आणि बाईला २,८५० कॅलरी सांगितल्यात. एक कोयता म्हणजे ६,३४०. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३५० कॅलरी धरल्या, तर दोघांना मिळून रोज एक किलो ८०० ग्रॅम ज्वारी. रेघेवरची २,२५० ही लहान-म्हातारे, बसलेले-राबणारे सगळ्यांची सरासरी आहे, तिच्याशी याची थेट तुलना करू नये, हे मला कळतं. तरीही दोन आकडे शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. पहाटे चारला उठून फडात, दीड-दोन टन ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाईला त्याआधी आणि त्यानंतर स्वयंपाक, पाणी, लेकरं. तिचं काम तक्त्यात ‘कष्टाचं’ या एका शब्दात बसवलंय.

सुखात्मे म्हणाले होते शरीर जमवून घेतं. गंमत म्हणजे, ज्या पद्धतीची त्यांच्या वेळी वाट बघावी लागली त्याच पद्धतीनं २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांचा खर्च मोजला. रोज मैलोन्‌मैल चालणारे हे लोक, पण शरीराच्या आकारमानाचा विचार करता त्यांचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच निघाला. हर्मन पाँट्झर यांचं म्हणणं असं, की कष्ट वाढले की शरीर दुसरीकडे काटछाट करतं. कुठे? रोगप्रतिकार, जननसंस्था, दुरुस्ती-डागडुजी. यावर अजून वाद आहे, पण खरं असेल तर जमवून घेणं फुकट नसतं, बिल दुसऱ्या खात्यावर पडतं. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका आमच्या जिल्ह्यात घरोघर आहेत. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी सरकारला करावी लागली, तेव्हा बीडचं नाव सगळ्या देशानं वाचलं.

कासवीण असं करत नाही. हे मला या सगळ्या वाचनात सर्वांत लागलेलं. अंगावर पुरेशी चरबी साठली नाही तर हिरवी कासवीण त्या वर्षी निघतच नाही. दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त थांबते. ऑस्ट्रेलियात कॉलिन लिम्पस आणि नेव्हिल निकोल्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की अंडी घालायला किती कासविणी येणार हे दोन वर्षं आधीच्या प्रशांत महासागराच्या हवामानावर अवलंबून असतं. मोठा अल निनो होऊन गेला की दोन वर्षांनी तिथले किनारे कासवांनी भरतात. १९७२ सालीही मोठा अल निनो होता. आमच्याकडे त्याचं काय झालं ते वर आलंच. तिकडे कासव शिल्लक असेल तेव्हा प्रवासाला निघतं. आमच्याकडे शिल्लक नसेल तेव्हा. दुष्काळ जेवढा मोठा, तेवढे कोयते जास्त.

कोकणातल्या कासवांबद्दल न लिहिता संपवलं तर चिपळूणकर नातेवाईक बोलायचे नाहीत. वेळासला २००२ मध्ये भाऊ काटदऱ्यांची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली, हे तुम्हाला माहीत असेलच. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. २०२३ मध्ये गुहागरची ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला जी कासवीण अंडी घालताना सापडली तिच्या परावर ओडिशात २०२१ मध्ये लावलेला बिल्ला होता. पूर्व किनाऱ्यावरची कासवीण, इकडे! साडेतीन हजार किलोमीटर तरी झाले असावेत.

२०१६ मध्ये मलेशियातल्या हिरव्या कासवांच्या पिल्लांवरचा एक प्रयोग आला. वाळूखालच्या घरट्यातून वर यायला पिल्लांना खणावं लागतं. एकाच वेळी जास्त पिल्लं खणत असली तर ती लवकर वर येतात आणि दर पिल्लामागे ऊर्जा कमी लागते. अंड्यातला उरलेला बलक हीच त्यांची पुढच्या काही दिवसांची शिदोरी, ती तेवढी वाचते. आमच्या टोळीवाल्यांना हे सांगायला प्रयोग लागला नसता.

वेळासला जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, गावातल्याच घरात उतरा, पिल्लांवर बॅटरी मारू नका आणि त्यांना उचलून पाण्यात नेऊन ठेवू नका. त्याच दिवसांत इकडे कारखान्यांचे पट्टे पडतात आणि गाड्या बीडकडे परततात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून द्यायचं ठरलं, ते चांगलंच झालं. दर अर्थात टनावर आहे. गावात आल्यावर मुकादमाबरोबर हिशेबाला बसायचं, टन किती झाले, उचल किती होती, खाडे किती, आणि वजाबाकी करून बघायचं, फिटली की पुढच्या हंगामावर गेली.